आबांचा फिटर

मी आज करतोय ती नोकरी दुसऱ्याच्या वाट्याची आहे. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्याच्या वाट्याची होती त्यालाही मी सांगितलं नाही. त्याला ते कळलं, पण माझ्या तोंडून नाही.

मी मुळात कमी बोलणारा. कारखान्यातल्या आवाजात आयुष्य गेलं, तिथं बोलून कुणाला ऐकूही येत नाही. लोक मला साधा समजतात. भिंगारमध्ये आमच्या गल्लीत तर मुलांना माझं उदाहरण देतात. मला त्याचा राग येतो, आणि राग येतो म्हणूनच आता लिहायला बसलोय. साधेपणा वगैरे काही नाही. गप्प राहिलं की लोक आपल्याबद्दल चांगलंच धरून चालतात, एवढं मला फार लवकर कळलं होतं.

नगरच्या एमआयडीसीतली आमची कंपनी बंद पडली नाही. ती परराज्यात गेली. कामगार मागं ठेवले आणि मशिनी नेल्या. त्या मशिनी उखडून ट्रेलरवर चढवायचं काम आमच्याकडंच, मेंटेनन्सवाल्यांकडं होतं. ज्या मशिनीला वर्षानुवर्षं तेलपाणी केलं, तिचे पायाचे बोल्ट आम्हीच सोडले. माझा जोडीदार शेजारी होता. आम्ही दोघं फिटर, कित्येक वर्षं एकाच पाळीत. तो काष्टीकडचा. नगरात खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावाकडं वस्तीवर जायचा. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा तो म्हणाला, "आपलीच तिरडी आपनच बांधतोय गड्या." बाकीचे हसले. मलाही हसू आलं.

मग कंपनीनं आमच्यावर एक उपकार केला. पुण्याहून एक मार्गदर्शक मॅडम बोलावल्या. कँटीनमधली टेबलं बाजूला सारून पडद्यावर चित्रं दाखवली. नोकरी शोधायला सुरुवात करताना पहिलं काम काय, तर नेटवर्किंग. चांगल्या जागा जाहिरातीत येतच नाहीत, त्या ओळखीतून भरतात. म्हणून माणसं जोडा, संबंध जपा, आपल्याला नोकरी हवी आहे हे दहा जणांना सांगा. लाजू नका. समोर बसलेली माणसं पन्नाशीकडं झुकलेली, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. त्यांना ती पोरगी सांगत होती की हात मिळवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा.

जोडीदार माझ्या कानाशी लागला. "म्हंजी वशिलाच ना?"

"आता त्याला नेटवर्किंग म्हणतात."

"मंग आपल्याकडं लई हाय की. आख्खी वस्ती माझं नेटवर्क हाय. फकस्त त्यात कुनालाच नोकरी न्हाई."

मॅडमनी विचारलं, मागं काय चाललंय. तो उभा राहिला आणि म्हणाला, "काय न्हाई मॅडम, माणसं जोडतोय."

त्या मॅडमचा मला आजही राग येतो, खरं तर त्यांचा काही दोष नसताना. त्या बोलल्या ते खरंच होतं, आणि ते खरं होतं याचाच तर संताप आहे. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की काम चोख केलं की काम मिळतं. नोकरी गेल्यावर सांगण्यात आलं की ते तसं कधीच नव्हतं.

मी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. मुलीनं फोनवर माझं प्रोफाइल काढून दिलं. फोटो मेव्हण्याच्या लग्नातला, बाजूचे लोक कापून टाकलेला, कोटात. फोटोभोवती हिरवं कडं, म्हणजे हा माणूस कामाच्या शोधात आहे. ते कडं बघितलं की मला बाजारात गुरांच्या शिंगांना रंग लावतात ते आठवायचं. त्यावर लोकांनी अंगठे दिले. 'ऑल द बेस्ट सर.' कामावर असताना मला कुणी कधी सर म्हटलं नव्हतं.

आयटीआयच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. रोज सकाळी फुलं आणि सुविचार. मी लिहिलं, कंपनी गेली, कुठं जागा असेल तर कळवा. पाच मिनिटं शांतता. मग कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि त्यावर लगेच दुसऱ्याच्या नातवाच्या बारशाचा फोटो. चुलतभाऊ साखर कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर. त्याच्याकडं गेलो. "बायोडाटा पाठवून ठेव," तो म्हणाला. पाठवला. पुन्हा गेलो तर म्हणाला, "बायोडाटा पाठवून ठेव की." त्याच्या घरचा पाण्याचा पंप मी तीनदा दुरुस्त करून दिला होता. तिथं असताना त्याच्या बायकोनं चौथ्यांदा दाखवला, आणि मी तो दुरुस्त केला. खाली वाकून, पाना हातात घेऊन. दात ओठ खात केला, पण केला.

जोडीदाराची परिस्थिती माझ्यापेक्षा बिकट होती. त्याच्या बायकोची नजर साखरेच्या आजारानं अधू होत चालली होती. संध्याकाळ झाली की तिला चुलीपाशीसुद्धा अंदाजानं वावरावं लागे. म्हणून त्याला घराजवळचं काम हवं होतं, रात्री वस्तीवर परतता येईल असं. पगार थोडा कमी असला तरी चालेल, असं तो म्हणायचा. माझी मागणी अशी काही नव्हती. मला फक्त नोकरी हवी होती, आणि घरी बसलेल्या माणसाकडं लोक बघतात तसं माझ्याकडं कुणी बघू नये असं वाटत होतं.

एक दिवस त्याचा फोन आला. आबा गेले.

आबा त्याच्या वस्तीशेजारचे म्हातारे. बायको आधीच गेलेली. एकुलता एक मुलगा दौंडच्या बाजूला एका कारखान्याचा मोठा साहेब, राहायला पुण्यात; लहानपणीच शिकायला बाहेर पडलेला, वस्तीवरची माणसं त्याला चेहऱ्यानंही नीट माहीत नव्हती. म्हातारा शेतातल्या घरात एकटा. जोडीदार सुट्टीला गावी गेला की आधी त्यांच्या विहिरीवर जायचा. मोटार, स्टार्टर, पाइप बघायचा, चहा प्यायचा, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं असलं तर गाडीवर घालून न्यायचा. आबा त्याला नावानं हाक मारत नसत, 'फिटर' म्हणत. मीही एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. आबांनी शेंगा भाजून दिल्या आणि मलाही फिटरच म्हणाले. तेवढीच माझी आणि त्यांची ओळख.

"दहाव्याला चल," जोडीदार म्हणाला. "साहेब येनार. त्यांच्या प्लँटात मेंटेनन्सची एक जागा हाय, आबाच मला बोलले हुते. म्हनले, पोराला सांगितलंय. मला बोलता येत न्हाई, तुला येतं."

"मला कुठं येतं?"

"माझ्यापरीस बरं येतं. तुझं बी नाव सांग, माझं बी सांग. ज्याचं हुईल त्याचं."

हे त्याचं वाक्य मी विसरलेलो नाही. त्यानं मला त्याची ओळख दिली होती, अर्धी नाही, पूर्ण.

आमच्या भागात दहावा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मेलेल्या माणसाचा दहावा दिवस, नदीकाठी विधी, पिंडाला कावळा शिवेपर्यंत वाट बघायची. पण सगळा जिल्हा एकमेकांना भेटतो तोही इथंच. प्रवचन असतं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात, कोण कोण आलं त्यांची नावं माइकवरून वाचतात. बाभळीखाली सोयरिकी जुळतात, टेंडरं ठरतात, पोरं कामाला लागतात. त्या मॅडमनी पडद्यावर काढलेली गोल-गोल चित्रं मला तिथं जिवंत दिसली, पांढऱ्या टोप्या घातलेली. पण यालाही एक रीत आहे. जोडीदारानं गाडीवर मला बजावलं, "दहाव्याला काम मागायचं न्हाई. नुसतं दिसायचं. दोन शब्द बोलायचं, नावं तेवढी कानावर घालायची आन् आठवड्यानं फोन करायचा."

जाताना तो आबांबद्दलच बोलत होता. गाडी चालवत, वाऱ्यात, अर्धं ऐकू येईल असं. शेवटच्या दिवसांत म्हाताऱ्याला शेतीचं काही उरलं नव्हतं, तरी मोटार चालू ठेवायला सांगायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आवाज येतो रे. कुनीतरी हाय असं वाटतं." ते सांगताना त्यानं गाडी हळू केली होती.

घाटावर गर्दी होती. प्रवचन सुरू झालं आणि वीज गेली. मांडववाल्याचा जनरेटर चालू होईना. जोडीदारानं माझ्याकडं बघून मान हलवली, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मागं गेला. मी पुढं गेलो. पुढारी उभे होते तिथवर नाही, पण साहेबांना मी दिसेन इतका पुढं. दिसायचं होतं ना.

कावळा येईना. नातेवाईक एकेक करून हात जोडून पिंडापुढं वाकत होते. शेताचं बघतो म्हणाले, विहिरीचं बघतो म्हणाले, देवाला जाऊन येतो म्हणाले. बाभळीवर कावळे बसलेले, पण खाली कुणी उतरेना. लोक घड्याळं बघू लागले. मग साहेब पुढं झाले, डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी म्हणाले. त्यांनी मान वर केली आणि कावळा आला. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. तेवढ्यात मागं जनरेटर लागला आणि माइक खरखरला.

चहाच्या वेळी साहेब माझ्यापाशी येऊन थांबले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, हे नगरच्या कंपनीतले. वयानं माझ्याहून लहान. डोळे लाल झालेले.

"त्या कंपनीत होतात तुम्ही? मेंटेनन्सला?"

"हो."

"मग तुम्हीच ते." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आबा फोनवर सारखं फिटर फिटर करायचे. माझ्या फिटरला कामाला लाव. मी दर वेळी बघू म्हणायचो. आत्ता कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, आबा, तुमच्या फिटरला लावतो. आणि बघितलंत ना?"

इथं मी एवढंच म्हणायला हवं होतं: तो नाही का जनरेटरपाशी उभा आहे, तो. वीस पावलंही अंतर नव्हतं. तो तिकडं फडक्यानं हात पुसत मांडववाल्याशी बोलत होता. मी त्याला बघितलं. साहेबांनी माझ्या नजरेच्या दिशेनं बघितलंही नाही.

मी काही बोललो नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी आज स्वतःची थोडी समजूत घालता आली असती की मी खोटं बोललो नाही, फक्त गप्प राहिलो. पण साहेबांनी विचारलं, "शेवटी माझ्याबद्दल काही बोलायचे का?" आणि मी म्हणालो, "मोटार चालू ठेव म्हणायचे मला. म्हणायचे, आवाज आला की कुणीतरी आहे असं वाटतं."

साहेब रडले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आणि मला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी त्यांचाच राग आला. बाप शेवटी काय म्हणत होता हे ज्याला दहाव्याला परक्या माणसाकडून विचारून घ्यावं लागतं, त्याला कुणी फसवलं तर फसवलं, असं मी मनाशी म्हटलं. चुलतभावाचा राग आला, ग्रुपवरच्या हात जोडलेल्या चित्रांचा आला. इतक्या सगळ्यांचा राग गोळा केला की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. माणूस असंच करतो. निदान मी केलं.

परत येताना जोडीदारानं विचारलं, "बोलला का?"

"बोललो."

"दोघांचं?"

"दोघांचं. म्हणाले, बघू."

"मंग आठवड्यानं फोन करू," तो म्हणाला, आणि एका धाब्यावर थांबून त्यानं मला मिसळ खायला घातली. पैसे मला देऊ दिले नाहीत.

आठवड्यानं फोन करायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. जोडीदाराला मी सांगितलं की एकच जागा होती, त्यांनी मलाच निवडलं, तुझंही सांगितलं होतं.  तो म्हणाला, "असू दे. एकाचं तर झालं. तू बोलला म्हनून झालं."

आता यातला मूर्खपणा बघा. तो कारखाना त्याच्या वस्तीपासून गाडीवर जाऊन-येऊन करण्याइतका जवळ, आणि माझ्या भिंगारपासून लांब. मी त्या नोकरीसाठी दौंडला खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो. त्यानं चाकणला ठेकेदाराकडं काम धरलं. चार जणांत एक खोली. बायकोला तिच्या भावाकडं ठेवलं. आम्हा दोघांची घरं मोडली, आणि ती एका वाक्यानं वाचणार होती. तेही मला सुचलेलं वाक्य नव्हतं. त्यानंच मला दिलेलं होतं: माझं बी नाव सांग.

वर त्यानं माझी कीर्ती केली. गावाकडच्या पोरांना तो माझा नंबर द्यायचा. त्यांचे फोन येत, बायोडाटे येत. 'काका, तुम्ही माणसासाठी शब्द टाकता असं कळलं.' सगळ्यांना मी एकच सांगायचो, पाठवून ठेव. माझ्या चुलतभावासारखं, त्याच आवाजात.

यंदा आबांचं वर्षश्राद्ध झालं. साहेबांनी मला मुद्दाम बोलावलं. नको म्हणायला कारण सुचलं नाही. वस्तीवर मांडव होता, विहिरीवर मोटार बंद. साहेबांनी मला पंगतीत शेजारी बसवलं. आमच्याकडं वाढायला घरचे नसतात, शेजारपाजारचे वाढतात. बुंदी आली, भात आला. मग आमटीची बादली घेऊन जोडीदार आला. चाकणहून सुट्टी काढून आलेला. वाळला होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, काहीतरी टोमणा मारायच्या बेतात होता.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "यांना नीट वाढा बरं का. हे आबांचे फिटर. यांच्यामुळं आबांचा शब्द पाळला गेला."

त्याच्या हातातला डाव बादलीवर थांबला. तो साहेबांकडं बघत होता, माझ्याकडं नाही. मी पानाकडं बघत होतो. आता तो बोलेल, असं मला वाटलं. बोलावं असंही वाटलं. साहेबांच्या पलीकडं बसलेला शेजारी म्हातारा घास हातात धरून आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागला. वस्तीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं की आबांचा फिटर कोण.

त्यानं माझ्या भातावर आमटी घातली. भरपूर, काठोकाठ, खाली सांडणार नाही इतकी.

"सावकाश जेवा," तो म्हणाला, आणि पुढच्या पानाकडं गेला.

मी जेवलो. पान टाकून उठणं हा आबांचा अपमान झाला असता, असं मी मनाशी म्हटलं. याही वेळी मी चांगलं कारण शोधून काढलं. हात धुवायला गेलो तेव्हा तो विहिरीपाशी होता, स्टार्टरची पेटी उघडून आत बघत. मी लांब उभा राहिलो. त्यानं बटण दाबलं. मोटार लागली. त्यानं वळून बघितलं नाही.

त्याचा मला फार राग आला. त्यानं मला शिव्या द्यायच्या होत्या, चारचौघांत माझी कॉलर धरायची होती. त्यानं तसं केलं असतं तर मी काहीतरी म्हणालो असतो, रडलो असतो, प्रकरण मिटलं असतं. त्यानं माझ्यासाठी तेवढंही सोपं केलं नाही. नंतर कळलं की शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, साहेबाला सांगत का न्हाईस? तर म्हणाला, आबाचं केलं ते काय नोकरीसाठी केलं का. मी ते ऐकलं आणि मला त्याचाही राग आला. आता हा राग मी कुणाकडं ढकलू शकत नाही. फिरून फिरून तो घरी येतो.

साहेब मला आजही फिटर म्हणतात, प्रेमानं. कधी केबिनमध्ये बोलावून चहा देतात आणि आबांचं एखादं काही सांगा म्हणतात. माझ्याकडं आबांचं काही नाही. शेंगा आणि एक चोरलेलं वाक्य आहे, ते माझं दोनदा सांगून झालं.

साहेबांसमोर उभं राहून माझ्या जोडीदाराचं नाव घ्यायचं, आणि आबांचा फिटर मी नव्हतो, तो होता, असं सांगायचं, एवढं मी त्याला देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.